आठवणींना तारीख नसते

आम्ही कारकुनी पेशातले. सुट्टीच्या दिवशी नांदेड-लातूरच्या वस्त्यांमधून लोकांचे अर्ज लिहून देणे हे आमचे दुसरे काम. तिथे एक अनुभव नेहमीचा. एखाद्या वृद्ध बाईला विचारावे, "मावशी, तुमचं लग्न कधी झालं?" ती सांगते, "बहात्तरच्या दुष्काळात. सुकडी खायचे दिवस होते ते." नवरा कधी वारला? "भूकंपाच्या आदल्या साली." अर्जातल्या चौकोनात हे उत्तर बसत नाही. मग बाबू लोक हसतात.

वास्तविक हसण्यासारखे यात काही नाही. मनुष्याचा मेंदू आठवणी अशाच लावून ठेवतो. तारीख-महिन्याप्रमाणे नव्हे, तर मोठ्या खुणेच्या अवतीभोवती. उलट कागदावरची तारीखच पुष्कळदा अंदाजाची असते. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकली आहे!

मागच्या मंगळवारी रात्री कोणती भाजी होती, हे आपल्याला आठवत नाही. तसे होणे चांगलेच. सगळेच लक्षात राहिले असते तर डोके चालले नसते. रोज रोज घडणारे मेंदू एकत्र बांधून टाकतो. शंभर दिवसांच्या रोजंदारीची मिळून एकच आठवण उरते. एबिंगहॉस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की, अर्थ नसलेली पाठ केलेली अक्षरे तासाभरात निम्म्याहून अधिक विसरली जातात. थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर मात्र पाठांतर टिकते.

दिवसभराचे अनुभव प्रथम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या लहानशा भागात नोंदले जातात. मग झोपेत त्यांची जणू पुन्हा उजळणी होते आणि ते हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्के होतात. म्हणून आयाबहिणींनो, परीक्षेच्या आदल्या रात्री लेकरांना जागवू नका. झोप हासुद्धा अभ्यासाचाच भाग आहे.

मग भूकंप का विसरला जात नाही? ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, हजारो माणसे दगावली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. मनुष्य भयभीत झाला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग जागा होतो आणि त्या क्षणाची नोंद खोल उमटते.

तथापि खोल उमटलेली नोंदही जशीच्या तशी राहत नाही. १९८६ साली अमेरिकेचे चॅलेंजर यान फुटले. नाइसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की, ही बातमी कुठे व कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तर जवळजवळ एक चतुर्थांश मुलांचे मुख्य मुद्दे पूर्वीच्या लिखाणाशी जुळेनात. तरी बऱ्याच जणांना आपलेच खरे वाटत होते! म्हणूनच अत्याचाराच्या खटल्यात एखाद्या भगिनीची वेळ थोडी इकडेतिकडे झाली की लगेच तिला खोटी ठरवणे हा अन्याय आहे.

आता मुद्द्याचे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. १९७८ साली विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले त्यांच्याबरोबरच निघून जायचे का?

बाबासाहेबांनी बालपणी, १९०१ साली, मसूर स्टेशनवर भोगलेला प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने तो आज जगभर वाचला जातो. लिहिले म्हणून राहिले.

तेव्हा वाचकहो, एक दोनशे पानी वही आणा. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेकटे बसवून विचारा, कारण दहा जणांत बसले की एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी येते. तारीख विचारू नका. शेतात काय उभे होते, मांडीवर कोणते लेकरू होते, ते विचारा. त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, खाली आजची तारीख घाला. जुने दाखले, वर्तमानपत्रे मागाहून ताडून पाहता येतील. हे काम नातवंडांकडे सोपवा, पण या पौर्णिमेच्या आत सुरू करा.

जयभीम!