पोटातली बिऱ्हाडे

घरात भाडेकरू ठेवायचा नाही, हा आमच्या वडिलांचा बाणा. गोंदियात रेल्वेचे जंक्शन, तांदळाच्या गिरण्या, मोठा बाजार. खोली शोधीत येणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. पण आलेल्याला पाणी पाजून वडील अदबीने वाटेला लावीत. अशा गृहस्थाच्या मुलाला सेहेचाळिसाव्या वर्षी कळावे, की आपल्या देहात 38 लाख कोटी बिऱ्हाडे बिनभाड्याने नांदत आहेत, याला काय म्हणावे?

ही वार्ता आणली आमच्या कन्येने. ती पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. सुट्टीत आली की जेवणाच्या पाटावर बसून असल्या गोष्टी सांगते आणि वर म्हणते, "बाबा, भात घ्या ना!" माणसाच्या अंगात स्वतःच्या पेशींच्या दहापट जंतू असतात, असे पूर्वी सांगत. 2016 साली वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलोच्या माणसात पेशी 30 लाख कोटी आणि जंतू 38 लाख कोटी; म्हणजे मामला बराचसा बरोबरीचा. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. अन् एवढ्या लोकसंख्येचे वजन किती? सुमारे 200 ग्रॅम. जुन्या मापाने पावशेरसुद्धा नाही!

मी मराठीचा मास्तर, त्यामुळे मला आधी खटकला तो शब्द. 'जंतू' म्हटले की आपण नाकाला पदर लावतो. पण मूळ संस्कृतात जंतू म्हणजे नुसता जन्मलेला जीव. तुम्ही आणि मीही त्यात आलो. शब्दाची अब्रू गेली ती रोगजंतूंच्या संगतीने. आळीतल्या एका उनाड पोरामुळे सगळी आळी बदनाम व्हावी, तसे हे झाले.

या आळीचा पहिला शोध लागला तोही मोठ्या गमतीने. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. भिंगे घासण्याचा त्याला नाद. 1681 साली त्याचे पोट बिघडले. आपण अशा वेळी सुंठ-साखर शोधतो. त्याने स्वतःचे शौच भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले! पुढे 1885 साली एशरिश या जर्मन बालवैद्याने तान्ह्या मुलांच्या दुपट्यांतून एक जंतू वेगळा काढला. आज तो ई. कोलाय या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतो.

पण बाकीचे बिऱ्हाडकरू सहजासहजी हाती लागेनात. त्यांतले पुष्कळसे प्राणवायू लागताच मरतात. ज्या हवेवर आपण जगतो, ती त्यांना विषासारखी. तेव्हा त्यांना वाढवायचे तर प्राणवायू काढून घेतलेल्या नळ्या-डब्यांतून त्यांचे लाड पुरवावे लागतात. हे काम पुण्यात झाले. आघारकर संशोधन संस्थेतले डॉ. दिलीप रानडे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या शौचातून असाच एक नवा जंतू मिळवला. 2014 साली त्याचे रीतसर बारसे झाले: मेगास्फेरा इंडिका. आपल्या देशाचे नाव ज्याने आतड्यात राहून मिळवले, त्याच्याविषयी मला तरी आदरच वाटतो.

त्याच मंडळींचा 2012 सालचा एक निबंध मुलीने मला समजावून दिला, आणि तो मात्र माझ्या मनात घर करून राहिला. त्यांनी पाहिली ती दोन एकत्र कुटुंबे. एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांतली माणसे. घर एक, चूल एक. तरी वयाप्रमाणे आतड्यातल्या मोठमोठ्या जंतुकुळांचे आपसातले प्रमाण बदललेले!

मला एकदम आमचेच घर दिसले. माझी आई झाडीबोली बोलते. तिच्या तोंडी 'ण' येत नाही. मी वर्गात प्रमाण मराठी बोलतो, घरी आईशी तिच्यासारखे. मुलीला बोली समजते, बोलता येत नाही. चूल आमचीही एकच!

आणि या दोन्ही गोष्टी बाळ आईपासूनच उचलते. जन्मताना आईच्या देहातले जंतू त्याला लाभतात. आईच्या दुधात तर काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला मुळी पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जंतूंसाठी. म्हणजे आई पाजते ती एकट्या बाळाला नव्हे.

"आणि हे हरवतातही," मुलगी म्हणाली. 2016 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला उंदरांवर प्रयोग झाला. माणसाचे जंतू पोटात असलेल्या उंदरांना चोथा नसलेले अन्न दिले. पहिल्या पिढीत जंतूंची घट झाली, पण चोथा पुन्हा सुरू करताच बरीचशी भरून आली. पिढ्यानुपिढ्या तेच अन्न चालू ठेवल्यावर मात्र चौथ्या पिढीला नुसता चोथा देऊन भागेना. गेलेले जंतू बाहेरून आणून घालावे लागले.

मी घास हातात धरून पिढ्या मोजू लागलो. आई, मी, मुलगी.

आईच्या लहानपणी ताटात अंबाडीची भाजी, पावसाळ्यात कोवळ्या बांबूचे वास्ते, आणि सकाळी रात्रीचा भात पाण्यात घातलेला. रात्रभरात तो किंचित आंबतो, कारण हवेतले आणि भातातले जंतू त्यात आम्ल तयार करतात. पलीकडे छत्तीसगडात त्याला बासी म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरातून तो कधी गेला, कोणालाच आठवत नाही. पाव आला, एवढे आठवते.

यंदा पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. जंतुनाशक औषधांनी ती वाचली, यात शंका नाही. पण ती औषधे शत्रूबरोबर शेजाऱ्यालाही सोडीत नाहीत. पोट ढासळले, अन्नावरची वासना उडाली. महिनाभर तिने काही मागितले नाही. मग एका सकाळी म्हणाली, "पानभात दे."

पानभाताने ती बरी झाली, असे मी म्हणणार नाही. औषधपाणी चालू होते, दिवसही उलटले होते. शिवाय अशा अन्नातले जंतू बहुधा पाहुणे. चार दिवस राहून जातात. पण तिने वाटीभर खाल्ले, मीठ मागितले, कांदा मागितला.

मुलीने आता वही केली आहे. आजी सांगते, ती लिहिते: कोणती भाजी, कोणत्या महिन्यात, कशी शिजवायची. मध्येच आजी विचारते, "आपल्या पोटात कोन रायते, हे का आता सायबाले इचारा लागते?"

परवा वही चाळली. पहिल्याच पानावर सुरेख अक्षरात 'पाणभात' लिहिलेले. मी पेन्सिल काढली, 'ण' खोडला आणि 'न' केला.