चार आकडी कुलूप

आम्ही उभयता मराठीचे अध्यापन करतो. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर गदा आली, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात कसे लढले, हे वर्गात सांगताना आमचा स्वर आजही चढतो. जाणत्या प्रेक्षकाने काय पाहावे हे मंडळाने ठरवू नये, असे आमचे मत आहे. आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हीच रिमोट हाती घेऊन घरच्या दूरचित्रवाणी संचाला कुलूप लावत बसलो होतो. चिरंजीवांचे वय ११.

कुलूप लावणे अवघड नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ऑनलाइन चित्रपट-मालिकांचे वयानुसार वर्ग पाडले : यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. यू/ए १३+ आणि त्यापुढच्या वर्गांसाठी पालकांना कुलपाची सोय देणे बंधनकारक झाले. आम्ही ७+ वर रेघ ओढली, मुलाचे वेगळे प्रोफाइल केले आणि आमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन दिला. पडद्यावर आकड्यांऐवजी ठिपके उमटतात खरे, पण रिमोटसरशी एकेका आकड्यावर सरकणारी चौकट साऱ्या दिवाणखान्याला दिसते. त्यामुळे दर वेळी चिरंजीवांची रवानगी आतल्या खोलीत होई. “झालं का?” असा आवाज येई. ज्या मंडळावर आम्ही वर्गात टीका करतो त्याच्याच खुर्चीत आपण बसलो आहोत, असे तेव्हा वाटून जाई. मग आम्ही स्वतःची समजूत घालत असू : राज्यसंस्था वेगळी, घर वेगळे, प्रौढ वाचक वेगळा, मूल वेगळे. हा युक्तिवाद आम्हाला अजूनही खोटा वाटत नाही.

जानेवारीत एकदा आमच्या प्रोफाइलमध्ये, अर्धवट पाहिलेल्या गोष्टींच्या रांगेत, एक भयमालिका दिसली. ११ मिनिटांवर थांबलेली. आम्हा दोघांपैकी कोणीच ती लावली नव्हती.

“पिन कसा कळला?” आम्ही विचारले.

“तुमच्या लग्नाचं साल,” तो म्हणाला. “भीती वाटली म्हणून बंद केलं.”

चार रात्री तो दिवा लावून झोपत होता. आम्ही ते परीक्षेच्या खात्यावर टाकले होते.

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आधी पिनच विचारला असता.”

आम्ही नुकतेच नेमके तेच विचारले होते. भ्यालेल्या मुलाने आईबापांकडे धाव घ्यावी, तर वाटेत आईबापांनीच लावलेले कुलूप उभे. परिनिरीक्षण करणाऱ्या मंडळाला कोणाच्या खोलीतला दिवा दिसत नाही. आम्हाला तो दिसत होता, आणि तरी आम्ही मंडळासारखेच वागलो.

पिन आम्ही बदलला. कुलूप काढले नाही. ११ वर्षांच्या मुलासाठी ते असावे असेच आम्हाला वाटते. पण त्याला छळत होता तो वेगळाच प्रश्न : त्या मालिकेतली विहिरीत उतरलेली बाई पुढे वर आली का? त्या रात्री तो झोपल्यावर आम्ही दोघांनी उरलेला भाग पाहिला. सकाळी चहाच्या वेळी त्याला सांगितले, आली. कशी आली, तेही सांगितले.

त्या दिवशी रात्री त्याने दिवा स्वतःच मालवला.