ओट्याखालची फरशी

स्वयंपाकघराची फरशी आधी घालावी की ओटा आणि ट्रॉल्या आधी बसवाव्यात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडताना थोडा संकोच वाटतो. प्रस्तावना आधी लिहावी की ग्रंथ आधी, या वादाइतकी प्रतिष्ठा त्याला नाही. तरीही स्वयंपाकघर नव्याने करावयास घेतलेल्या प्रत्येक घरात तो उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर देणारा मनुष्य आपल्या नकळत त्या घराच्या भविष्याविषयी एक विधान करून बसतो, असे आमचे मत झाले आहे.

चुलीच्या काळी हा प्रश्न संभवत नव्हता. जमीन मातीची, चूलही मातीची, आणि दोन्ही एकाच हाताने सारवल्या जात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बहुतेक मराठी घरांत स्वयंपाक बसूनच होत असे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले तोवर शहरातील पुष्कळ स्त्रिया ओट्यापाशी उभ्या राहिल्या होत्या. हा ओटा गवंड्याने बांधलेला असे. कर्नाटकातून शहाबादी येई, आंध्रातून कडाप्पा येई, आणि ओट्याखाली काय घातले आहे याची चौकशी कोणी करीत नसे. तेथे बहुधा उरलेले तुकडे असत, नाहीतर नुसता कोबा.

मराठीत आपण ओटा 'बांधतो' आणि ट्रॉल्या 'बसवतो'. आमच्या मते सगळा वाद या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत आहे. बांधलेली वस्तू घराची होते. बसवलेली वस्तू राहणाऱ्याची असते, आणि ती उठूही शकते. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, त्यालाच आजच्या मॉड्युलर किचनचे पूर्वज मानतात. त्याच जर्मनीत आज पुष्कळ भाडेकरू घर सोडताना कपाटे, सिंक, ओट्याची फळी असे सगळे स्वयंपाकघर बरोबर घेऊन जातात. मागे राहते ती फरशी आणि नळाची तोंडे. ओटा हे तेथे सामान आहे. आपण मात्र सामान विकत घेतो आणि त्याच्याकडून वास्तूच्या चिरंतनत्वाची अपेक्षा करतो.

आमचे घर पुण्यात, १९८४ साली बांधलेल्या एका इमारतीत आहे. स्वयंपाकघर दहा फूट लांब, आठ फूट रुंद. जमिनीला करड्या मोझेकची फरशी, तीत काळ्यापांढऱ्या खड्यांची पखरण. आई याच फरशीवर विळी घेऊन बसत आली. चाळीस वर्षांत एकही फरशी फुटलेली नव्हती, आणि एकदा पॉलिश केली असती तर आणखी चाळीस वर्षे ती सहज टिकली असती. बदलायचा होता तो केवळ ओटा. तो आतल्या भिंतीला लागून होता. खिडकीचा उजेड पाठीमागून येई आणि आईची सावली नेमकी शेगडीवर पडे. आईचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, दृष्टी अधू झाली आहे. ओटा खिडकीखाली न्यावा, एवढीच आमची योजना.

जुना ओटा फोडला तेव्हा खाली मोझेक नव्हते. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असा खडबडीत काँक्रीटचा पट्टा निघाला, तोही फरशीपेक्षा दीड इंच खोल. तसे मोझेक बाजारात शोधून मिळाले नाही. पट्ट्यात वेगळी फरशी घालावी, तर स्वयंपाकघराच्या ऐन वाटेत ठिगळ दिसणार. अखेर वीस चौरस फुटांपायी ऐंशी चौरस फुटांची निर्दोष फरशी उखडावी लागली. आई दोन दिवस त्या विषयावर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ओटा कधी हलायचाच नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याच्यापुढे उभं राहायचं होतं मला. मला कोणी विचारलं?"

१९८४ साली वाचवलेल्या वीस चौरस फुटांची ही किंमत. आणि आता तोच प्रश्न आमच्यापुढे होता.

ट्रॉल्यांचे काम करणाऱ्या कारागिराचे म्हणणे होते की, सांगाडे आधी उभे करू, फरशी मागून त्यांच्या कडेपर्यंत आणू. दोन फूट बाय दोन फुटांच्या पाच फरशा वाचतील, शिवाय नव्या फरशीवर हत्यारे पडून चरे जाणार नाहीत. ही भीती खोटी नाही. परंतु तिच्यावर सोपा उपाय आहे. फरशीवर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पीओपीचा पातळ थर देतात आणि काम संपल्यावर तो खरवडून काढतात. उरला प्रश्न पाच फरशांचा. एका खोक्यात चार येतात. म्हणजे वाद सव्वा खोक्याचा होता.

फरशीवाले मिस्त्री फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी फक्त विचारले, "सिलिंडर कुठं ठेवणार?"

हा प्रश्न निर्णायक ठरला. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो. फरशी सांगाड्यापाशी थांबली, तर ओट्याखालची जमीन खोल राहते आणि प्रत्येक वेळी सिलिंडर त्या खाचेत उतरवावा व पुन्हा वर ओढावा लागतो. आम्ही कॉलेजात असताना ते काम आईच करते, कितीही बजावले तरी. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली उतरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. शेगडीखालीच तशी जागा आपल्या हाताने तयार करणे आम्हांला मंजूर नव्हते. सिंकखालच्या गळतीचेही तसेच. सलग, किंचित उतार दिलेल्या फरशीवरून पाणी बाहेर येते आणि दिसते. खाचेत ते महिनोन्महिने मुरत राहते.

उंचीचा हिशेबही याच क्रमाला धरून आहे. सर्वसाधारण ओटा चौतीस इंचांचा करतात. आईची उंची चार फूट दहा इंच, म्हणून आम्हांला एकतीस हवा होता. सिमेंटच्या मालावर घातलेली फरशी दोन इंच सहज खाते. ती मागून आली असती, तर ओटा एकोणतीसवर येऊन थांबला असता. फरशी आधी झाली की मोजणी तयार जमिनीपासून करता येते आणि ट्रॉल्यांचे पाय पिळून उरलासुरला फरक काढता येतो. तरंगती लाकडी जमीन असेल तर गोष्ट निराळी. तिच्यावर जड कपाटांचे ओझे ठेवू नये म्हणतात. आपल्याकडे तो प्रसंग क्वचितच येतो.

आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी घातली. विळी घेऊन बसणारे माणूस उठताना घसरू नये म्हणून चकाकणारी टाळून खरखरीत घेतली, आणि एक खोके जास्तीचे आणून माळ्यावर ठेवले.

ट्रॉल्या बसल्या, खालची पट्टी लागली, कारागीर हत्यारे आवरू लागला. तेव्हा आईने त्याला थांबवून ती पट्टी काढायला लावली. बॅटरी मागवली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि भिंतीपर्यंत उजेड फिरवून पाहिला. "आहे," असे म्हणून तिने पट्टी पुन्हा लावायला सांगितली.