वेताळाचा प्रश्न आणि मंदारवती

अद्भुत कथेची नायिका कर्तबगार असावी, ही अपेक्षा किशोरवयीन वाचकांत आता इतकी रुळली आहे की ती इंग्रजी कादंबऱ्यांमागोमाग अलीकडेच आली असावी, असा समज सहज होतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला मात्र तिचा माग काढत दक्षिणेकडे पन्नासेक किलोमीटर, पैठणपर्यंत गेले तरी पुरते; कारण सातवाहनांच्या या प्रतिष्ठान नगरीशी परंपरेने गुणाढ्य आणि त्याची ‘बृहत्कथा’ यांचे नाव जोडलेले आहे. पैशाची या प्राकृत भाषेतला तो मूळ ग्रंथ आज उरलेला नाही; 11व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच परंपरेतून संस्कृतात रचलेला ‘कथासरित्सागर’, म्हणजे 18 लंबक (मोठे विभाग) आणि 124 तरंग (लहान अध्याय) यांचा पसारा, मात्र हाती आहे.

वाचकांच्या मतांचा विषय निघाला की ‘बृहत्कथे’ची जन्मकथाच आधी आठवावी. राणीच्या एका संस्कृत वाक्याचा अर्थ न कळल्याने खजील झालेल्या सातवाहन राजाला व्याकरण किती दिवसांत शिकवता येईल, यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्य ती हरला, संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या अरण्यात गेला आणि तेथे सात वर्षांत, शाईअभावी स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोक लिहून ते त्याने राजाकडे पाठवले. राजाने भाषेला नाक मुरडून ग्रंथ परत धाडला. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. प्राणी चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले, त्यांचे मांस शुष्क झाले, ते खाऊन राजा आजारी पडला आणि कारण शोधत अरण्यात आला, तेव्हा एकच लाख श्लोक जळायचे राहिले होते. राजाला या ग्रंथाकडे वळवले ते समीक्षेने नव्हे, आजारपणाने. हा तपशील वाङ्मयाच्या इतिहासकारांनी नजरेआड करू नये असा आहे.

वेताळपंचविशी, म्हणजे प्रेतात शिरलेल्या वेताळाने एका राजाला सांगितलेल्या पंचवीस कथा, ‘कथासरित्सागरा’तच येते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यात वाढलेल्या पिढीला तिची चौकट बहुधा ‘चांदोबा’ मासिकातून भेटली: खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. या चौकटीत वाचकाचे मत कथेच्या बाहेर राहत नाही. कथा संपली की वेताळ प्रश्न विचारतो, उत्तर ठाऊक असून गप्प बसल्यास डोक्याच्या ठिकऱ्या होतील असे बजावतो आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. यांतल्या मंदारवतीच्या कथेत तिला मागणी घालणारे तरुण तीन. ती तापाने मरते, तेव्हा एक तिच्या रक्षेवर झोपून राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो आणि तिसरा भटकत जाऊन मृताला उठवणारा मंत्र घेऊन येतो. ती जिवंत होताच तिघांत भांडण जुंपते. राजाचा निवाडा असा, की जिवंत करणारा बापाच्या जागी, अस्थी नेणारा मुलाच्या जागी, म्हणून रक्षेवर झोपणारा तोच नवरा.

आठ-नऊ वर्षांच्या वाचकाला हा निवाडा बिनतोड वाटतो, किंबहुना मंत्रवाल्यावर अन्याय झाला एवढीच त्याची तक्रार असते. त्याच कथेकडे पंधराव्या-सोळाव्या वर्षी परतलेली मुलगी वेगळाच प्रश्न करते: समोर जिवंत उभ्या असलेल्या मंदारवतीलाच कोणी का विचारत नाही? कथेत तसूभरही बदल झालेला नसतो. सुझन कॉलिन्स यांच्या 2008 मधील ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीची नायिका कॅटनिस धनुष्य चालवते, धाकट्या बहिणीऐवजी स्वतः प्राणघातक खेळात उतरते, आणि तरीही तिच्या वाचकांत वर्षानुवर्षे वाद रंगला तो पीटा की गेल, यावर. वेताळाचा प्रश्न तेथवर पोहोचला. फरक एवढाच, की कॉलिन्स यांनी तो दोन तरुणांच्या तोंडी घालून नायिकेला ऐकू जाऊ दिला.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचनाला आणखी एक धारा आहे आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1948 पर्यंत येथे निजामाचे राज्य असल्याने शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते, आणि उर्दू येणाऱ्या वाचकाला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही, 1883 पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने खंडाखंडांनी काढलेली दास्तान खुली होती. तिलिस्म म्हणजे जादूने उभारलेले मायावी राज्य. त्याच्या सम्राटाविरुद्ध बंडखोरांची सेना चालवते ती महरुख ही जादूगार स्त्री, तर सम्राटाच्या बाजूला सरसर ही अय्यारा, म्हणजे वेशांतरात पटाईत हेर, आपल्या सख्यांसह उभी असते.

प्रौढ वयात या वाचकाला ‘कथासरित्सागर’ सलग भेटतो, तेव्हा ठाण मांडून बसते ती देवस्मिता. तिचा पती गुहसेन व्यापारासाठी कटाह द्वीपाला गेलेला. तिला भ्रष्ट करण्याच्या इराद्याने तेथून आलेल्या चार वणिक्पुत्रांना ती धोतरा घातलेले मद्य पाजते आणि त्यांच्या कपाळावर लोखंडी साच्याने कुत्र्याच्या पंजाची खूण डागते. पुढे तीच पुरुषवेशात, व्यापारी बनून, समुद्र ओलांडते आणि कटाहच्या राजापुढे दावा लावते, की आपले चार पळालेले दास या नगरात आहेत. कपाळावर पट्ट्या बांधून हिंडणाऱ्या त्या चौघांच्या पट्ट्या दरबारात सोडल्या जातात. खूण दिसते, इतर व्यापारी दंड भरून त्यांना सोडवतात आणि ती नवऱ्याला घेऊन घरी येते. तरुणपणी टाळ्या घेणाऱ्या या कथेत चाळिशीनंतर दुसरी एक ओळ टोचू लागते: कुंटणपणा करणाऱ्या परिव्राजिकेचे आणि तिच्या शिष्येचे नाक-कान देवस्मिता कापते, पुरुष मात्र डागावर सुटतात. शिवाय सारे शौर्य पातिव्रत्य सिद्ध करण्यासाठी खर्ची पडते, ही तक्रारही रास्तच आहे. परंतु ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीची नायिका यमू हिच्या दुःखाने वास्तववादी मराठी कादंबरीचा पाया पक्का केला, तेव्हा नायिकेला सत्य मिळाले आणि जहाज गेले, हेही नोंदवले पाहिजे. किशोरवयीन वाचक अद्भुताकडे वळतात ते या जहाजासाठी, त्यांना वास्तव झेपत नाही म्हणून नव्हे.

सोमदेवाने हा ग्रंथ रचला तो काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी. पती अनंत राजाने कर्जापायी मुकुट आणि सिंहासन विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्याकडे गहाण टाकले असता ते स्वतःच्या संचयातून सोडवणारी आणि पुढे राज्यकारभार हाती घेणारी अशी तिची नोंद कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त आहे; अशा राणीला देवस्मितेच्या समुद्रप्रवासाचे फारसे नवल वाटले असेल, असे मानणे कठीण आहे.