कोपऱ्यातला शेरा

मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ' म्हणजे 59 की 69, इथे अजूनही अडखळते. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. हसू देत!

माझं गाव झरी जामणी तालुक्यात. पैनगंगेपलीकडे तेलंगणा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाबा बायांची मजुरी वहीत लिहितात. नाव, किलो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत शेरा. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या ऐटीत मी तीच वही पायथनमध्ये उतरवली. पायथन 3 ला देवनागरी चालते, म्हणून एक ओळ अशी:

मजुरी = 34 * 10 # मागची बाकी 200

बाजाराच्या दिवशी पैसे वाटले. पोडावरची एक मावशी थांबली. "ताई, माह्ये मागचे दोनशे कुठी गेले?"

"पाहून सांगते," म्हणत मी लॅपटॉप उघडला. हिशोब 340. बाकी हॅशच्या पुढे! हॅशपासून ओळ संपेपर्यंतचं सगळं पायथन सोडून देतं. ती कॉमेंट, फक्त माणसांसाठी.

मग मी शहाणपणा केला. शेरा तीन-तीन अवतरणचिन्हांत टाकला. आता तरी वाचेल! वाचलं, पण उत्तर 340च. अवतरणांतला मजकूर म्हणजे स्ट्रिंग. ती कॉमेंट नव्हे, कोडचाच भाग. पण कशात साठवली नाही, तर तिचा उपयोग शून्य. फंक्शनच्या अगदी सुरुवातीला लिहिली, तर मात्र ती डॉकस्ट्रिंग होते आणि हेल्प मागितल्यावर दिसते.

पायथन स्ट्रिंग खरंच वाचतं, याचा पुरावाही मिळाला. जुना कोड मी अवतरणांत 'बंद' केला होता. त्यात विंडोजच्या यूजर्स फोल्डरचा पत्ता होता. बॅकस्लॅशपुढचा मोठा यू पाहून पायथन सिंटॅक्स एरर देऊन अडून बसलं. प्रत्येक ओळीआधी हॅश असता, तर ढुंकूनही पाहिलं नसतं.

शेवटी 'बाकी = 200' असं लिहून ती बेरजेत धरली. 540.

बाबा एवढंच म्हणाले, "कोपऱ्यातलं मले दिसते, पोरी. तुह्या मशिनीले नाई दिसत."

त्याच संध्याकाळी पोडावर जाऊन मावशीच्या हातात 200 रुपये ठेवले. तिने मोजून पदराला बांधले.

मित्रांनो, व्हायवात हा फरक विचारला तर दोन मार्कांचा. मावशीसाठी तो 200 रुपयांचा होता.