कडक भाकरी बांधून महाबळेश्वरला

सुगी उरकली. ज्वारी घरात आली, कडब्याची गंज रचून झाली. मंगळवेढ्याच्या शिवारात एप्रिल लागला, की वर ऊन आणि खाली भेगाळलेली काळी रानं, एवढंच काय ते उरतं. अशा रिकाम्या दिवसांत परदेशी नोकरीला असलेला आमचा पुतण्या चार दिवसांसाठी घरी आला. पाठीवर भलीमोठी पिशवी. म्हणाला, "काका, ही पिशवी पाठीवर टाकून मी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, कुस्को नावाच्या गावी जाऊन आलो."

रात्री अंगणात बाजेवर बसून त्याने सगळं सांगितलं. कुस्को अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा इतकी विरळ, की पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. जगभरची पोरं तिथे जातात, स्वस्तात राहतात आणि आसपासचे डोंगर पायी तुडवतात. बटाट्याचं माहेर तोच मुलूख. बटाट्याच्या हजारो जाती तिथले शेतकरी अजून सांभाळून आहेत. रात्रीच्या कडाक्यात ते बटाटे उघड्यावर गोठवतात, पायाने तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. असे बटाटे वर्षानुवर्षे टिकतात.

आमच्या सौ.नी पुढ्यात शेंगाची चटणी ठेवली, तेव्हा तो हसून म्हणाला, "काकू, यातला शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि मिरचीही अमेरिकेतूनच आलेली."

"बरं झालं, भाकरी तरी आपली आहे!" सौ. म्हणाल्या.

पण माझ्या मनात राहिली ती त्याची वेगळीच गोष्ट. कुस्कोला वर्षाकाठी पाऊस पडतो सहा-सातशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूरच्या आसपासच. तरीही तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं शेती केली, राज्यं उभारली. हे ऐकून आमचा थोरला मुलगा गप्प बसला. कारण घरात वाद चालू होता तो त्यावरच. आमचं खालच्या अंगाचं आठ एकरांचं रान विकून टाकावं, असं त्याचं म्हणणं. "दादा, पाऊसच नाही तर शेती कशाची?" हा त्याचा सवाल. त्याला उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

पुतण्या जाताना ती पिशवी आमच्याकडेच ठेवून गेला. पेरू काही आमच्याने होणार नव्हता. पण मनात आलं, ज्या डोंगरावर आपल्याकडचा सगळा पाऊस अडतो, तो तरी एकदा पायी हिंडून पाहावा. मी महाबळेश्वरचं नाव काढताच सौ. म्हणाल्या, "अहो, मला सोडून जाल तर बघा!" मग पिशवीत दोन जोड कपडे, एक चादर, पाण्याची बाटली, कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाची चटणी भरली आणि आम्ही दोघे पहाटेच्या एस.टी.त बसलो.

पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा असा तो रस्ता. माणदेश सगळा आपल्यासारखाच, बाभळी आणि माळ. साताऱ्याहून वाई गाठली, तेव्हा नदीकाठी जरा हिरवं दिसू लागलं. वाईनंतर पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून १९ किलोमीटरवर महाबळेश्वर. खिडकीतून गार वारा आला, तशा सौ.नी पदर कानावर घेतला. सकाळी घामाने निथळणारी माणसं आम्ही, संध्याकाळी चादर शोधत होतो.

महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे. कुस्को याच्या अडीचपट उंच, म्हणजे इथे धाप लागायची ती हवेने नव्हे, वयाने! बाजारपेठेचं गाव तसं अलीकडचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी थंड हवेसाठी ते वसवलं आणि मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या नावाने त्याला माल्कम पेठ म्हणू लागले. त्या काळी चिनी आणि मलायी कैद्यांचा एक तुरुंग इथे होता. ते कैदी बागांत बटाटा आणि विलायती भाज्या पिकवीत. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. अँडीजचा बटाटा असा फिरत फिरत सह्याद्रीच्या माथ्यावरही आला होता.

आम्ही पेठेत न राहता सहा किलोमीटरवरच्या क्षेत्र महाबळेश्वराच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पंचगंगेच्या देवळात गेलो. दगडी गोमुखातून गार पाणी पडत होतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम इथला मानतात. शेजारीच महाबळेश्वराचं देऊळ. १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती या क्षेत्री. सौ.नी गोमुखाखाली ओंजळ धरली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. टँकरच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बाईला फुकट वाहणारं पाणी सोडून निघवत नव्हतं.

तिथून पायी ऑर्थरसीट पॉइंटकडे निघालो. रस्ता दाट रानातला. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची सावली, आणि अधूनमधून करवंदीच्या जाळ्या. वाटेत एका माकडाने सौ.च्या हातातली भाकरी पळवली. झाडावर बसून त्याने ती दातांखाली धरून पाहिली आणि खाली टाकून दिली. सोलापूरची कडक भाकरी पचवायला सोलापूरचेच दात हवेत!

टोकावर पोहोचलो आणि पाय जागीच थबकले. समोर सरळ तुटलेला कडा, खाली सावित्रीचं खोरं आणि त्यापलीकडे कोकण. सावित्री इथून पश्चिमेला जाते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत समुद्राला मिळते. तिच्याच माथ्यावरची कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत रायचूरकडे आपली भीमा तिला मिळते. म्हणजे नात्याने ही आपल्या भीमामाईची थोरली बहीणच.

पावसाचं गणित इथे उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि इथेच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९ किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणखी पूर्वेला माणदेश आणि आपण, म्हणजे पंगत उठल्यावर ताटात उरलेलं वेचणारे. जुलै २०२१ मध्ये तर महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जिल्ह्याला वर्षभरात पडतो जेमतेम तेवढा!

मनात म्हटलं, मुलाचंच खरं. पाऊस यांच्या वाट्याला, शेती यांनीच करावी.

पण परतताना आडवाटेने एका वाडीत शिरलो आणि पाहिलं, तर बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या. एक म्हातारी दम खायला टेकली होती. सौ.नी तिच्या हातची कळशी घेतली आणि विचारलं, "मावशी, इथं तर पावसाचं माहेर. मग पाणी लांबून का?"

म्हातारी म्हणाली, "पावसाचं माहेर हाय बाय, पर पावसाला सासरची वढ! येतो तसा धावत खाली जातो. हिरीनी कवाच तळ गाठला. खालच्या झऱ्याला जावं लागतं."

रात्री घरधन्याने त्याचा उलगडा केला. डोंगरमाथ्याला जांभा दगडाची टोपी आहे, जणू चाळणीच. त्यात मुरलेलं पाणी खालच्या काळ्या दगडाला अडतं आणि कुठेतरी झरा होऊन निघतं. बाकीचं उतारावरून दोन-चार दिवसांत खोऱ्यात. खोऱ्यातल्या धरणांत ते साठतं खरं, पण माथ्यावरच्या वाडीला त्याचा काय उपयोग? त्याच्या शेतातली स्ट्रॉबेरी शेवटच्या तोड्यावर होती. गादीवाफे, वर प्लास्टिकचा कागद, खाली ठिबकच्या नळ्या. सहा हजार मिलिमीटरच्या गावात थेंबाथेंबाचा हिशोब! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हिचंही एक मूळ दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या चिली देशातली मोठ्या फळाची जात आणि उत्तर अमेरिकेतली एक जात यांचा संकर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला, आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. आमच्या चटणीसारखीच हीही परदेशची लेक इथल्या मातीत रुजली.

त्या रात्री झोप लागेना. कुस्कोची गोष्ट आता समजली. तिथल्या लोकांनी डोंगरउतारावर दगडी ताली बांधल्या. तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी, वर माती. पडेल तो पाऊस पायरीपायरीने अडवला आणि मुरवला. पाऊस थोडा, पण राखलेला. इथे महाबळेश्वरला पाऊस रग्गड, पण जमीन धरून ठेवत नाही. आणि आपल्याकडे? आपली काळी माती ओल धरायला तर जगात सरस. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी पुढे त्याच ओलीवर आणि थंडीवर येते. देवाने पाऊस कमी दिला, पण रांजण मोठा दिला. आमच्या आठ एकरांत मात्र तीन वर्षांपासून बांध फुटलेला, आणि प्रत्येक मोठ्या पावसात रांजणाच्या भोकातून पाण्याबरोबर मातीही ओढ्याला चाललेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. पसरणीचा घाट उतरताना पुन्हा उन्हाची झळ लागली, पण ती आता परकी वाटली नाही.

ज्या वाचकांना जायचं असेल, त्यांनी सुट्टीच्या गर्दीचे दिवस टाळावेत. भर पावसाळ्यात कड्यांच्या टोकाला जाऊ नये. पायात घट्ट बूट असावेत. माकडांपुढे खाऊ उघडू नये. आणि प्लास्टिकची पिशवी तिथे टाकू नये. त्या डोंगरावरून निघालेलं पाणी पुढे चार राज्यांतली माणसं पितात.

घरी आल्यावर मुलाला सगळं सांगितलं. तो लगेच काही बोलला नाही. "दादा, एक बांध घातल्याने दुष्काळ हटतो होय?" एवढंच म्हणाला. मीही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फावडं आणि पाटी घेऊन मी खालच्या रानात गेलो. दगड रचायला सुरुवात केली. उन्हं वर आली तेव्हा मागे पावलं वाजली. मुलगा आला होता, खांद्यावर पहार आणि पाठीवर तीच परदेशी पिशवी. त्यात न्याहारीची भाकरी होती, आणि शेंगाची चटणी.

यंदा तो तुकडा विकायचा नाही, एवढं ठरलं आहे. पुढचं ओल सांगेल.