गोली आणि सगळं मैदान

चि. मृणाल,


गोलीनं गोल अडवावेत, बाकी मैदानाशी त्याला काय करायचंय, असं तू लिहिलंस. मला हे मुळीच पटलेलं नाही. म्हणून तुला होसे लुईस चिलाव्हर्टबद्दल सांगतो.

१९६५ साली पॅराग्वेतल्या लुके इथं जन्मलेल्या या गोलीनं नाव कमावलं ते अर्जेंटिनाच्या व्हेलेझ सार्सफील्ड क्लबकडून. १९९४च्या कोपा लिबर्टाडोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना ब्राझीलच्या साओ पावलो क्लबच्या घरच्या मैदानावर पेनल्टींवर गेला. साओ पावलो आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता. चिलाव्हर्टनं साओ पावलोच्या पालिन्याचा फटका अडवला, शिवाय स्वतःही एक पेनल्टी मारली. करंडक व्हेलेझचा! वर्षअखेरीस टोकियोत त्यांनी मिलानला २-० असं हरवलं. फ्री किक असो वा पेनल्टी, डाव्या पायानं मारायला तो पुढे यायचा. कारकिर्दीत त्यानं साठहून अधिक गोल केले. १९९९मध्ये तर फेरो क्लबविरुद्ध तीन पेनल्टी मारून हॅटट्रिक.

त्याच वर्षी कोपा अमेरिका त्याच्याच देशात होती, तरी तो खेळला नाही. स्पर्धेवरचा पैसा शिक्षणावर खर्च व्हायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं. रागावर मात्र त्याचा ताबा नव्हता. २००१मध्ये तो ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसवर थुंकला आणि बंदी ओढवून घेतली. ते मी झाकून ठेवणार नाही.

पण मला तो आवडतो तो २८ जून १९९८च्या लान्समधल्या सामन्यामुळे. विश्वचषकाची बाद फेरी, समोर यजमान फ्रान्स. गोलशून्य बरोबरी जादा वेळ संपत येईपर्यंत टिकली होती. पॅराग्वेचा बचावपटू गामारा दुखावलेल्या खांद्यानिशी बचाव करत होता. तेवढ्यात फ्रान्सच्या ट्रेझेगेनं डोक्यानं बॉल खाली दिला आणि ब्लाँनं गोल मारला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ तिथंच खलास. पॅराग्वेचे खेळाडू जागच्या जागी कोसळले. चिलाव्हर्ट प्रत्येकाजवळ गेला आणि हात धरून एकेकाला उभं केलं. चार सामन्यांत दोनच गोल खाल्लेला गोली होता तो. रडायचा हक्क त्यालाही होता. पण तो कर्णधारही होता.

गोलीला अख्खं मैदान समोर दिसतं, आपली माणसं कुठं खचली आहेत हेही त्यालाच आधी कळतं. त्यामुळे त्यांना सावरणं हे त्याचंच काम. पुढच्या सामन्यात गोल खाल्लास तर आधी तुझ्या बचावफळीतल्या मुलींकडे जा. जाळ्यातला बॉल त्यानंतरही काढता येतो.

तुझा,
मामा